'बॅटल इन सिअ‍ॅटल' पाहिल्यावर पडणारे प्रश्न: चित्रपट, आंदोलन आणि जागतिक व्यापाराचं राजकारण

हा चित्रपट मी मित्रमंडळींना, कॉलेजच्या मुलांना, कधी कधी शेतकरी कार्यकर्त्यांनाही दाखवत आलो आहे. दिवे लागले की बहुतेक तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं एके ठिकाणी असावीत म्हणून हे पान. उत्तरांमध्ये चित्रपटाची गोष्ट उघड होते, त्यामुळे चित्रपट पाहायचा असेल तर आधी तो पाहावा.

हा चित्रपट कशावर आहे?

नोव्हेंबर १९९९ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात जागतिक व्यापार संघटनेची, म्हणजे डब्ल्यूटीओची, तिसरी मंत्रिपरिषद सुरू होणार होती. ती होऊ द्यायची नाही असं ठरवून हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि पहिल्या दिवसाचं उद्घाटन त्यांनी खरोखरच होऊ दिलं नाही. त्या चार-पाच दिवसांची ही गोष्ट आहे. लेखन-दिग्दर्शन आयरिश अभिनेता स्टुअर्ट टाउनसेंड याचं, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. २००७ च्या टोरांटो महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला, अमेरिकेत चित्रपटगृहांत आला २००८ मध्ये. लांबी साधारण शंभर मिनिटं.

डब्ल्यूटीओवर लोक एवढे का चिडले होते?

डब्ल्यूटीओ १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली. त्याआधी ‘गॅट’ नावाचा करार होता, आणि त्याच्या शेवटच्या फेरीतला मसुदा आपल्याकडे ‘डंकेल प्रस्ताव’ म्हणून गाजला होता. नव्वदच्या दशकातली वर्तमानपत्रं आठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जुना करार मुख्यतः मालावरच्या आयातशुल्कापुरता होता. नव्या संघटनेच्या कक्षेत शेतीची अनुदानं आली, पेटंट आली, बँका-विम्यासारख्या सेवा आल्या. शिवाय एका देशाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार करायची आणि निकाल मानला नाही तर समोरच्याच्या मालावर जादा शुल्क लावायचं, अशी दात असलेली यंत्रणा आली.

राग होता तो इथे. एखाद्या देशाच्या संसदेने नदी, जंगल किंवा कामगार यांच्या रक्षणासाठी कायदा केला आणि तो व्यापारात अडथळा ठरवून जिनिव्हातल्या तीन तज्ज्ञांच्या मंडळाने बाजूला सारला, तर दाद कुठे मागायची? सुनावण्या बंद दाराआड चालत. सिअ‍ॅटलमध्ये एक मोठं कापड क्रेनवरून लटकवलं होतं. त्यावर एका बाणात ‘डेमोक्रसी’, उलट दिशेच्या बाणात ‘डब्ल्यूटीओ’, आणखी काही नाही. परिषदेच्या आदल्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, दोरांवर लोंबकळत काही तरुणांनी ते प्रत्यक्षात लावलं होतं. चित्रपटातही हा प्रसंग सुरुवातीलाच येतो.

पडद्यावरची माणसं खरी आहेत का?

नाहीत. प्रसंग खरे आणि पात्रं रचलेली, असा हा प्रकार आहे. जे (मार्टिन हेंडरसन), लू (मिशेल रॉड्रिगेझ), कासवांसाठी जीव टाकणारा जँगो (आंद्रे बेंजामिन), वकील सॅम (जेनिफर कार्पेंटर) हे आंदोलक सगळे काल्पनिक. पोलीस शिपाई डेल (वुडी हॅरलसन) आणि त्याची गरोदर बायको एला (शार्लीझ थेरॉन) हेही काल्पनिक. दंगलनियंत्रणाच्या धुमश्चक्रीत एलाच्या पोटावर पोलिसाचा दंडुका बसतो आणि तिचं मूल जातं, हा चित्रपटाचा सर्वांत हादरवणारा प्रसंग. असं सिअ‍ॅटलमध्ये घडल्याची नोंद नाही, तो पटकथेचा भाग आहे. त्या आठवड्यात कोणाचाही जीव गेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

महापौर टोबिन (रे लिओटा) हे पात्र तेव्हाचे महापौर पॉल शेल यांच्यावरून बेतलेलं आहे. उदारमतवादी, शहरात येणाऱ्या आंदोलकांचं आधी स्वागत करणारा, आणि मग वरून दबाव आल्यावर आणीबाणी जाहीर करणारा माणूस. लिओटाने ही ओढाताण चांगली उभी केली आहे. खऱ्या सिअ‍ॅटलचे पोलीस प्रमुख नॉर्म स्टँपर यांनी काही दिवसांतच पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी शांत बसलेल्या लोकांवर अश्रुधूर सोडायला नको होता, ती माझी चूक होती, असं त्यांनी पुढे अनेकदा उघडपणे सांगितलं. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडून इतकी स्पष्ट कबुली क्वचितच ऐकायला मिळते, त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

एवढी मोठी परिषद त्यांनी बंद पाडली तरी कशी?

हा माझ्या सर्वांत आवडीचा प्रश्न, कारण चित्रपट इथे घाईने पुढे जातो आणि खरी कमाल इथेच आहे.

‘डायरेक्ट अ‍ॅक्शन नेटवर्क’ या नावाखाली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे अनेक गट काही महिने तयारी करत होते. त्यांना एक पुढारी नव्हता. पाच-पंधरा ओळखीच्या माणसांचा एक छोटा गट, असे बरेच गट मिळून एक जथा, आणि प्रत्येक जथ्याचा एक प्रतिनिधी रोज रात्रीच्या सभेत. निर्णय मतदानाने नव्हे तर सर्वसंमतीने. परिषदेच्या सभागृहाभोवतीचा शहराचा भाग त्यांनी भाकरीचे तुकडे करावेत तसा तेरा भागांत वाटून घेतला आणि एकेक भाग एकेका जथ्याने पत्करला. आपापल्या चौकात काय करायचं, ते ज्याने त्याने ठरवायचं. कुणी नाचायचं, कुणी पथनाट्य करायचं, कुणी नुसतं रस्त्यावर बसायचं. अटकेचा धोका पत्करू शकत नाहीत अशांनी पाणी, औषधं आणि निरोप पोचवायचे. मुख्य अटी दोन: कोणाला मारायचं नाही आणि मालमत्तेची नासधूस करायची नाही.

काही चौकांत लोक गोल करून बसले होते. शेजाऱ्याचा आणि आपला हात एका जाड नळीच्या आत, आणि नळीच्या आत मनगटाची साखळी एका खिळ्याला अडकवलेली. आतला माणूस स्वतः सोडवू शकतो, बाहेरचा नाही. पोलिसांना एक गोल सोडवायचा तर करवत घेऊन एकेक नळी कापत बसावं लागतं. तोवर दुसरा चौक भरतो. ३० नोव्हेंबरला पहाटेपासून हे सुरू झालं. सकाळी प्रतिनिधी हॉटेलांतून निघाले तर त्यांना वाटच सापडेना. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट हॉटेलातच अडकले. पॅरामाउंट थिएटरमधला उद्घाटनाचा सोहळा रद्द झाला.

रास्ता रोको, घेराव, ठिय्या हे आपल्याला नवं नाही. पण हुकूम देणारा कुणीच नसताना हजारो माणसांनी इतक्या शिस्तीत हे करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आधी काचा फुटल्या की आधी अश्रुधूर आला?

आधी अश्रुधूर. सकाळी दहाच्या सुमारास पोलिसांनी चौक मोकळे करण्यासाठी अश्रुधूर, मिरपुडीचे फवारे आणि रबरी गोळ्या वापरायला सुरुवात केली. काळे कपडे घातलेल्या, तोंड झाकलेल्या एका छोट्या गटाने मोठ्या ब्रँडच्या दुकानांच्या काचा फोडल्या, त्या त्यानंतर. हा गट नाकेबंदी करणाऱ्यांपैकी नव्हता आणि वरच्या दोन अटी त्याला मान्यच नव्हत्या. अनेक आंदोलक दुकानांसमोर उभे राहून त्यांना अडवत होते.

टीव्हीवर मात्र दिवसभर फुटलेल्या काचा दिसत राहिल्या आणि ‘हिंसाचार झाला म्हणून पोलिसांना बळ वापरावं लागलं’ अशी समजूत पक्की झाली. ती इतकी रुजली की न्यूयॉर्क टाइम्सने पुढच्या वर्षी आंदोलकांनी पेट्रोलबॉम्ब फेकल्याचा उल्लेख केला. जून २००० मध्ये त्यांना दुरुस्ती छापावी लागली की आंदोलन मुख्यतः शांततेचं होतं आणि प्रतिनिधींवर किंवा पोलिसांवर असं काही फेकल्याचा आरोप कोणावरही नव्हता. दुरुस्ती कोण वाचतं? मूळ प्रतिमा राहिली ती राहिलीच.

चित्रपटातली टीव्ही वार्ताहर जीन (कॉनी नील्सन) या मुद्द्यासाठीच आहे. तिच्या कॅमेऱ्यासमोर एक घडतं आणि वाहिनीला दुसरं हवं असतं. तिचं शेवटचं वळण मला जरा सोपं वाटतं, पण प्रश्न अचूक आहे. त्याच सुमारास सिअ‍ॅटलमध्ये ‘इंडीमीडिया’ हे आंदोलकांचं स्वतःचं वृत्तसंकेतस्थळ सुरू झालं होतं. ज्याच्याकडे कॅमेरा त्याने थेट बातमी टाकायची, ही आज रोजची झालेली गोष्ट तेव्हा नवी होती.

संचारबंदी, जमावबंदी खरंच लागली होती?

हो. ३० तारखेच्या दुपारी महापौरांनी आणीबाणी जाहीर केली, संध्याकाळी ७ ते सकाळी ७.३० संचारबंदी लागली, गव्हर्नरांनी नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांची, तुकडी बोलावली आणि दुसऱ्या दिवशी परिषदेभोवतीच्या भागात निदर्शनांवर बंदी आली. गॅस मास्क विकत घेणं आणि जवळ बाळगणं यावरही बंदी होती, म्हणजे धूर सोडणाऱ्यांनीच धुरापासून बचाव बेकायदा ठरवला होता. सुमारे ६०० लोकांना अटक झाली. बऱ्याच जणांनी तुरुंगात नाव सांगायलाच नकार दिला, म्हणजे एकेकाला वेगळं काढता येऊ नये.

पुढे न्याय मिळाला का?

काही प्रमाणात. बहुतेकांवरचे खटले टिकले नाहीत. उलट शहरावरच दावे झाले. २००४ मध्ये बंदी क्षेत्राबाहेर पकडलेल्या दीडशेहून अधिक लोकांसाठी शहराने अडीच लाख डॉलर मोजले. २००७ च्या जानेवारीत ज्युरीने निकाल दिला की वेस्टलेक पार्कमध्ये शांतपणे बसलेल्यांना सबळ कारणाविना पकडून शहराने त्यांच्या घटनात्मक हक्काचा भंग केला. त्यानंतर दहा लाख डॉलरची तडजोड झाली. चित्रपट महोत्सवात आला तोही याच वर्षी.

आंदोलकांनी कासवांचा वेश का केला होता?

प्रेक्षकांना हा भाग गमतीचा वाटतो. आपल्यासाठी तो सर्वांत अडचणीचा आहे, कारण त्या कासवांच्या खटल्यात तक्रारदार आपण होतो.

झालं असं. कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्री कासवं अडकून गुदमरून मरतात. यावर उपाय म्हणून जाळ्याच्या गळ्याशी एक लोखंडी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेने स्वतःच्या बोटींना हे साधन सक्तीचं केलं आणि मग म्हटलं, ज्या देशांत ते वापरत नाहीत त्यांची कोळंबी आम्ही घेणार नाही. याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड डब्ल्यूटीओत गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपिलाचा निकाल लागला आणि अमेरिका हरली. सिअ‍ॅटलमध्ये पुठ्ठ्याची कासवं घालून शेकडो माणसं चालत होती ती या निकालाच्या निषेधार्थ. म्हणजे त्या मिरवणुकीत एका अर्थाने भारताचा निषेध होत होता, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण निकाल नीट वाचला तर चित्र बदलतं. कासव वाचवणं चूक आहे असं अपील मंडळाने म्हटलेलं नाही. त्याचा आक्षेप भेदभावाला होता. कॅरिबियन भागातल्या देशांना हे साधन बसवायला अमेरिकेने तीन वर्षांची मुदत आणि तांत्रिक मदत दिली होती, आशियाई देशांना मिळाले चार महिने. केरळ, आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या बोटवाल्याने चार महिन्यांत काय करायचं? मला यात दोन्ही बाजूंना बोलावंसं वाटतं. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावरही अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन जे काम उभं केलं, ते कुठल्याही आयातबंदीशिवाय उभं राहिलं. आणि दुसरीकडे, ट्रॉलरवर ते साधन बसवण्यात आपण इतकी दिरंगाई केली की २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणंच बंद केलं. शेततळ्यातली जाते, समुद्रातली नाही. वीस वर्षं मिळूनही जाळ्यात एक लोखंडी चौकट बसवून झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

चित्रपटातला जँगो यातलं काही बोलत नाही. त्याच्यासाठी कासव म्हणजे निष्पाप जीव आणि डब्ल्यूटीओ म्हणजे मारेकरी.

मग परिषद फसली ती आंदोलकांमुळेच ना?

पहिला दिवस आंदोलकांनी घालवला. परिषद मात्र आतल्या लोकांनी मोडली. चित्रपटाची बाजू मला आवडते, तरी माझं मुख्य म्हणणं हेच आहे की बाहेरच्या रस्त्याइतकंच आतल्या सभागृहाकडे पाहायला हवं.

तेव्हा संघटनेचे १३५ सदस्य होते. पण महत्त्वाच्या वाटाघाटी वीस-पंचवीस देशांच्या खासगी बैठकीत चालत. या बैठकींना ‘ग्रीन रूम’ म्हणतात. आफ्रिकेचे, कॅरिबियनचे, लॅटिन अमेरिकेचे मंत्री हजारो मैल प्रवास करून आले होते आणि त्यांना आत कशावर चर्चा चालू आहे हेही कळत नव्हतं. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी शार्लीन बार्शेफ्स्की होत्या. सर्वांत मिळून एकमत झालं नाही तर मोजक्या देशांना घेऊन मसुदा करण्याचा हक्क मी राखून ठेवते, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. २ डिसेंबरला आफ्रिकी देशांच्या व्यापारमंत्र्यांनी संयुक्त निवेदन काढलं: या कामकाजात पारदर्शकता नाही, आम्हाला बाजूला ठेवलं जात आहे, अशा स्थितीत आम्ही सहमती देणार नाही. कॅरिबियन देशांनीही तोच सूर लावला. डब्ल्यूटीओत निर्णय सर्वसंमतीने होतो. ती अडली की सगळं अडतं. ३ डिसेंबरला परिषद काहीही न ठरवता संपली. युरोप आणि अमेरिका यांचंही शेतीच्या अनुदानांवर जमत नव्हतंच.

चित्रपटात हे सगळं एका पात्रावर आलं आहे: आफ्रिकी मंत्री अबासी, इसाक द बांकोले या अभिनेत्याने केलेला. त्याला जेमतेम काही मिनिटं मिळतात. पण तो सभागृहात उभा राहतो तेव्हाचा चेहरा पाहा. तो अपमान गिळून बोलतो आहे, आवाज वर जात नाही, आणि पुढ्यातली माणसं कागद चाळत आहेत. अख्ख्या चित्रपटात मला हा माणूस अधिक हवा होता.

बाहेरच्यांनी आतल्यांना बळ दिलं, हेही खरंच. खिडकीबाहेर हजारो माणसं ‘नाही’ म्हणत असताना आतल्या छोट्या देशाच्या मंत्र्याला ‘नाही’ म्हणणं थोडं सोपं जातं.

भारताची भूमिका काय होती?

वाणिज्यमंत्री मुरासोली मारन भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख होते. भारताचं म्हणणं थोडक्यात असं: आधीच्या करारात तुम्ही जे कबूल केलं, विशेषतः कापड आणि शेतीबाबत, ते आधी पुरं करा, नव्या विषयांची फेरी नंतर. सर्वांत मोठा खटका उडाला कामगार मानकांवर. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सिअ‍ॅटलच्याच एका वृत्तपत्राला मुलाखत देऊन सांगितलं की कामगार मानकं पाळली नाहीत तर शेवटी निर्बंधांपर्यंत जायला हवं. रस्त्यावरच्या अमेरिकन कामगार संघटनांना हेच हवं होतं. भारतासह बहुतेक विकसनशील देशांना त्यात वेगळंच दिसलं: स्वस्त मजुरी हा आमचा एकमेव फायदा, तोही मानवतेच्या नावाखाली काढून घ्यायचा डाव.

चित्रपट पाहताना आपल्याला रस्त्यावरचे सगळे एकाच बाजूचे वाटतात. पिट्सबर्गचा पोलाद कामगार आणि तिरुपूरची शिलाई कामगार बाई यांचं हित एकच आहे असं गृहीत धरून गोष्ट पुढे जाते. ते एक होऊ शकतं, पण आपोआप होत नाही.

आपल्या शेतकरी चळवळीचं यावर काय म्हणणं होतं?

एक नव्हतं, आणि शेतकरी कार्यकर्त्यांबरोबर चित्रपट पाहिला की इथे हमखास वाद पेटतो. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने बियाण्यांवरच्या पेटंटविरुद्ध मोठी आंदोलनं केली. १९९९ मध्येच भारतातले काहीशे शेतकरी युरोपभर फिरून कंपन्यांच्या आणि संस्थांच्या दारात निदर्शनं करून आले होते. सिअ‍ॅटल उभं करणाऱ्यांपैकी अनेकांना ही प्रेरणा होती. म्हणजे हे वारं अमेरिकेतून इकडे आलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात मात्र शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला होता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. सरकार निर्यातबंदी, लेव्ही (कमी भावाची सक्तीची खरेदी), झोनबंदी (ठरावीक भागाबाहेर माल न्यायला मनाई) लावून भाव पाडतं, म्हणजे शेतकऱ्याला ‘उणे सबसिडी’ देतं. तेव्हा बाहेरची बाजारपेठ उघडली तर शेतकऱ्याचं भलंच होईल, त्याची भीती त्याला लुटणाऱ्यांना वाटू दे. डाव्या पक्षांनी आणि अनेक संघटनांनी याला कडाडून विरोध केला. तीस वर्षांनंतर मला वाटतं, कांद्यावर पुन्हा पुन्हा लादलेली निर्यातबंदी पाहता जोशींचं निदान बरोबर होतं. पण बाजार उघडल्यावर समोरचे देश आपली अनुदानं खरोखर कमी करतील, हा भाग घडला नाही. अमेरिकेचा कापूस आणि युरोपची दूधभुकटी अनुदानाच्या जोरावरच बाजारात येत राहिली, आणि विदर्भाच्या कापूस उत्पादकाला त्या भावाशी झुंजावं लागलं.

औषधांवर बोलणारा डॉक्टर कोण?

डॉ. मारिक (राडे शेर्बेजिया) हे पात्र परिषदेत औषधांच्या पेटंटविषयी बोलायला येतं आणि त्याचं कुणी ऐकत नाही. यामागे खरी मोहीम आहे. ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेला १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी तिने औषधं गरिबांच्या आवाक्यात यावीत म्हणून मोहीम सुरू केली. तेव्हा एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च एका रुग्णामागे दहा हजार डॉलरहून जास्त होता. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि औषध अस्तित्वात होतं.

इथे मुंबई येते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी या संघटनेला तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. भारतात तेव्हा औषधाच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे, औषधाला नाही, म्हणून हे शक्य झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूटीओच्या दोहा इथल्या परिषदेत जाहीर करावं लागलं की सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाआड पेटंटचा करार येऊ नये. डॉ. मारिकचं भाषण रिकाम्या खुर्च्यांनी ऐकलं, पण मुद्दा दोनच वर्षांत मान्य झाला. चित्रपट बघून खचलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

चित्रपट म्हणून कसा आहे?

ताकद गर्दीच्या दृश्यांत आहे. छायालेखक बॅरी अक्रॉइडचा हातातला, सतत हलणारा कॅमेरा आणि मधून मधून जोडलेलं १९९९ चं खरं चित्रण, यामुळे काय खरं नि काय उभं केलेलं ते कळेनासं होतं. बरंचसं चित्रीकरण व्हँकुव्हरमध्ये झालं आहे, तरी सिअ‍ॅटलचा ओला, करडा नोव्हेंबर अंगावर येतो. खर्च साधारण ८० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने फारच थोडा. तिकीटबारीवर चित्रपट पडला.

कमजोरी व्यक्तिगत कथांत. जे आणि लूचं प्रेम, डेलने जेला केलेली मारहाण आणि मग तुरुंगात मागितलेली माफी, हे सगळं इतक्या घाईत येतं की भिडत नाही. दुसरी उणीव मला जास्त सलते. त्या दिवशीचा सर्वांत मोठा मोर्चा कामगार संघटनांचा होता, आणि गोदी कामगारांनी पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं त्या दिवसापुरती बंद ठेवली होती. गिरणी संप पाहिलेल्या शहरातल्या माणसाला हे दृश्य पाहायला आवडलं असतं. ते पडद्यावर जवळजवळ नाहीच.

खऱ्या आंदोलकांना तो पटला का?

पुरता नाही. नाकेबंदीच्या संघटकांपैकी एक, डेव्हिड सोलनिट, यांनी पटकथेवर आक्षेप घेऊन बदल सुचवले होते. आपली गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपवायची नाही या भूमिकेतून त्यांनी बहीण रिबेका सोलनिट हिच्याबरोबर २००९ मध्ये पुस्तकही काढलं. तरीही या विषयावर नामवंत नट घेऊन चित्रपट करणारा दुसरा कोणी पुढे आला नाही, हे टाउनसेंडचं श्रेय मी काढून घेणार नाही.

शाळकरी मुलांना दाखवावा का?

नववी-दहावीच्या खाली नको. एलाचा प्रसंग आणि मारहाण कठीण आहे, शिवीगाळही आहे.

मुंबईशी या चळवळीचा थेट संबंध आला का?

आला. सिअ‍ॅटलनंतर ‘आम्ही विरोध करतो, पण आम्हाला हवं काय’ हे मांडण्यासाठी ब्राझीलमध्ये जागतिक सामाजिक मंच सुरू झाला. तो ब्राझीलबाहेर पहिल्यांदा भरला तो १६ ते २१ जानेवारी २००४ या काळात, गोरेगावच्या नेस्को मैदानावर. जगभरातून माणसं आली होती, पण मैदानावर ठसा होता तो दलित, आदिवासी, रस्त्यावर राहणारे, यौनकर्मी अशा इथल्या लोकांचा. आणि समोरच महामार्गापलीकडे, मंच फार मवाळ आहे असं मानणाऱ्यांनी आपली वेगळी परिषद भरवली होती. सिअ‍ॅटलमध्ये काचा फोडणारे आणि त्यांना अडवणारे यांच्यात एकाच चौकात झालेला तो वाद इथे द्रुतगती मार्गाच्या दोन बाजूंना उभा होता.

इतक्या वर्षांनी हा चित्रपट बघण्यात अर्थ आहे का?

मला वाटतं आता जास्त आहे. १९९९ मध्ये अमेरिका हे नियम जगावर लादते आहे असा आरोप होता. डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूटीओचं अपील मंडळ ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेनेच अडवल्या. २०२५ मध्ये तिने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं, आणि त्याचा फटका बसलेल्यांत पुन्हा कोळंबीवाले होतेच. ज्या व्यवस्थेविरुद्ध ती माणसं नळ्यांत हात घालून बसली होती, ती व्यवस्था तिच्या निर्मात्यांनीच खिळखिळी केली आहे. नियम नसलेलं जग छोट्या देशाला अधिक महाग पडतं, हे आज दिसतं आहे. अनेक आंदोलकांची मागणी मात्र नियम नकोत अशी नव्हती. नियम करताना आम्हालाही आत घ्या, अशी होती, आणि अबासीही सभागृहात तेच मागत होता.

चित्रपट दाखवून चर्चा घ्यायची असेल तर कुठून सुरुवात करावी?

तुरुंगातल्या त्या संवादापासून. जँगो म्हणतो, आठवड्यापूर्वी डब्ल्यूटीओ काय आहे हे कोणाला माहीत नव्हतं. आताही माहीत नाही, पण वाईट आहे एवढं तरी कळलं. प्रेक्षक तिथे हसतात. मी तिथे चित्रपट थांबवतो आणि विचारतो: आपल्यापैकी कोणाला माहीत आहे? मग कोळंबी, कांदा, कापूस, गोळ्या-औषधं यांपैकी एक वस्तू प्रत्येक गटाला देतो. ती कुठून येते, कुठे जाते, तिच्यावर कोणाचा कर आणि कोणाचं पेटंट आहे, एवढं शोधून पुढच्या भेटीत सांगायचं असतं. उरलेली पंचवीस मिनिटं त्या भेटीतच दाखवतो.